कूलिंग पॅड घेण्याआधी लॅपटॉप पालथा घालून बघा

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि टेबलावर मऊ फडकं पसरून त्यावर तो पालथा घाला. आता मोबाइलचा टॉर्च लावून तळाच्या जाळीवर तिरका उजेड पाडा. गेमिंग लॅपटॉपच्या तळाला वीतभर रुंदीची जाळी असते आणि ती बघून वाटतं, सगळीकडून हवा आत जात असणार. उजेड पाडला की कळतं, यातली बरीचशी जाळी नुसती शोभेची आहे. कुठे भोकं आरपारच नाहीत, तर कुठे आतून काळी प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली आहे. जिथे पंख्याची पाती दिसतात ती जाळी खरी. बहुतेक मॉडेलांत अशा दोन गोल जागा असतात, बिजागरीच्या बाजूला, मागच्या तिसऱ्या हिश्श्यात.

(ती काळी फिल्म काढून टाकायचा मोह आवरा. आत ओढलेली हवा रॅम आणि व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागांवरून फिरून पंख्यापर्यंत जावी म्हणून कंपनीने ती मुद्दाम लावलेली असते.)

तळावर वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्या दोन गोल जागा पेन्सिलीने उमटवून घ्या आणि कागद जपून ठेवा. कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंखेवाला स्टँड, निवडताना तो उपयोगी पडणार आहे. पॅडचे पंखे या दोन वर्तुळांखाली येत नसतील, तर किती का पंखे असेनात, ते पालथ्या घड्यावर पाणी. आणि टॉर्च लावून पाहिल्यावर तळाला हवा घेणारी जाळीच दिसली नाही, तर पॅडचा विषय तिथेच संपला. काही पातळ लॅपटॉप बिजागरीच्या फटीतून किंवा कीबोर्डमधून हवा घेतात. त्यांना खालून वारा घातला तर तळाचा पत्रा थोडा निवतो, एवढंच.

पॅड गार करत नाही, हवा पुरवतो

'कूलिंग पॅड' असं ऑनलाइन शोधलं की लॅपटॉपच्या पॅडबरोबर खोलीच्या कूलरला लावायचे मधाच्या पोळ्यासारखे पॅडही समोर येतात. नाव एकच असलं तरी दोघांचं काम वेगळं. कूलरचा पॅड ओला असतो, त्यातलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं आणि हवा खरोखर गार होते. लॅपटॉपच्या पॅडमध्ये यातलं काही नसतं. खोलीत ३४ अंश असतील, तर पॅडमधून येणारी हवाही ३४ अंशांचीच. तो फक्त ती हवा लॅपटॉपच्या पंख्यांच्या तोंडाशी आणून देतो.

उष्णतेचा प्रवास असा असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्यावर थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे पोचवणाऱ्या लेपाचा पातळ थर, त्यावर तांब्याचा तुकडा आणि त्यातून निघणाऱ्या चपट्या तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप. या नळ्या भरीव नसतात. आत अगदी कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला जाऊन वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत चिपकडे झिरपतं. दुसऱ्या टोकाला धातूच्या दाट पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो. पंखा तळातून हवा ओढून या पट्ट्यांमधून बाहेर फेकतो. पॅडचा हात पोचतो तो यातल्या एकाच टप्प्यावर, हवा आत येण्याच्या. पेस्ट वाळली असेल किंवा पट्ट्यांत धूळ अडकली असेल, तर पॅड काही करू शकत नाही.

किती हवा लागते याचा हिशोब सोपा आहे. हवेचा प्रवाह सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, असा मोजतात. उष्णतेच्या वॉटला सीएफएमने भागायचं आणि १.७६ ने गुणायचं. आत जाणारी हवा बाहेर पडताना किती अंशांनी तापलेली असेल, ते उत्तर मिळतं. समजा, गेम चालू असताना प्रोसेसर ५० आणि ग्राफिक्स १०० वॉट घेतोय, म्हणजे १५० वॉट. दोन्ही पंखे मिळून खरोखर २० सीएफएम हवा ओढत असतील, तर ती साधारण १३ अंशांनी तापते. टेबलाला चिकटलेल्या तळामुळे हाच प्रवाह १२ सीएफएमवर आला, तर २२ अंशांनी. खोलीच्या तापमानावर हे ९ अंश जास्तीचे चढले आणि त्याची झळ चिपपर्यंत पोचते.

याहून वाईट प्रकार म्हणजे बाहेर पडलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत तळाखाली येते आणि पंखे तीच पुन्हा आत ओढतात. लॅपटॉपची पाठ भिंतीला लावून ठेवणाऱ्यांना पॅडआधी वीतभर जागा हवी असते, आणि ती फुकट मिळते.

अंश नाही, वॉट बघा

पॅड घेतल्यावर बहुतेक जण तापमान पाहतात आणि तिथेच गल्लत होते. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या अनेकांची ९५ किंवा १००. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपा साधारण ८७ अंशांच्या आसपास हात आखडता घेऊ लागतात. मर्यादा आली की चिप स्वतःच वेग आणि वीज कमी करते, यालाच थ्रॉटल होणं म्हणतात.

आता समजा प्रोसेसर ९५ वर अडकून ३८ वॉटच घेत होता. पॅड लावला आणि जास्त हवा मिळाली. प्रोसेसर लगेच ५० वॉटवर जातो आणि पुन्हा ९५ अंशांवर येऊन थांबतो. पडद्यावर आकडा तोच. पॅड वापरणारा वैतागतो, पैसे पाण्यात गेले म्हणतो. प्रत्यक्षात प्रोसेसरला १२ वॉट जास्त मिळाले आहेत आणि ते फ्रेममध्ये, म्हणजे गेम सेकंदाला जितकी चित्रं काढतो त्यांत, दिसतात, विशेषतः मधूनमधून बसणारे झटके कमी होतात. म्हणून तापमान, वॉट आणि क्लॉक (चिपचा वेग) हे तिन्ही एकत्र बघायचे.

मोजायला 'एचडब्ल्यूइन्फो' हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. तो 'सेन्सर्स ओन्ली' पर्याय निवडून उघडा. बघायच्या ओळी मोजक्याच: सीपीयू (प्रोसेसर) पॅकेजचं तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर, जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) तापमान, जीपीयू पॉवर आणि थर्मल थ्रॉटलिंग. शेवटच्या ओळीत 'येस' आलं की चिप अडली असं समजा. नेहमीचाच एक गेम घ्या, त्यातली एकच जड जागा निवडा आणि अर्धा तास चालवा. पहिली १० मिनिटं सोडून द्यायची, कारण सगळा धातू तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. मग खालचं घड्याळाचं चिन्ह दाबून आकडे शून्यावर आणा आणि पुढच्या २० मिनिटांची सरासरी लिहून ठेवा. खोलीचं तापमानही लिहा. दुपारी ३६ अंशांत घेतलेले आकडे रात्री २८ अंशांत घेतलेल्या आकड्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. खोली ८ अंशांनी गार झाली तर चिपही जवळपास तितकीच उतरते, आणि त्याचं श्रेय पॅडला जातं.

अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात आणि बंद खोलीत दुपारी ३८ सहज भरतात. या हवेत कुठलाही पंखा चिपला पुण्याच्या डिसेंबरसारखं ठेवणार नाही. तिथे खोलीत कूलर किंवा एसी लावण्याने जो फरक पडतो, तो पॅडच्या वरचढ असतो. कूलरच्या थेट झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नका, पाण्याचे बारीक थेंब उडतात.

दोन बुचांची चाचणी

पैसे खर्च करण्याआधी ही चाचणी करा. पाण्याच्या बाटलीची दोन सारखी बुचं घ्या आणि लॅपटॉपच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली ठेवा. जाळीवर येऊ देऊ नका, रबरी पायांजवळ ठेवा. मागची बाजू दीड सेंटिमीटर उचलली जाते. आता वरचंच मोजमाप पुन्हा करा.

तापमान ४-५ अंशांनी उतरलं किंवा तेवढंच राहून वॉट वाढले, तर तुमचा लॅपटॉप हवेला भुकेला आहे. पॅड त्याला उपयोगी पडेल. गंमत अशी की अशा वेळी साधा, पंखा नसलेला स्टँडही निम्मं काम करून जातो.

एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक पडला, तर पुढची पायरी. बुचं तशीच ठेवून बाजूने टेबलफॅन लावा, वारा तळाखालून जाईल असा. साध्या पॅडची ही जवळपास नक्कलच आहे. तरीही आकडे हलत नसतील, तर अडचण आत आहे. ती कुठली हे हाताला कळतं. गेम चालू असताना मागच्या झरोक्यांपासून चार बोटं अंतरावर तळहात धरा. हवा जेमतेम येतेय पण चटका बसण्याइतकी गरम आहे, तर पट्ट्यांत धूळ अडकली आहे. हवा जोरात येतेय, नुसती कोमट आहे आणि तरी चिप ९५ वर आहे, तर चिपची उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही, म्हणजे पेस्ट गेली आहे.

तिसरी शक्यता, प्रोसेसर ९५ वर आणि ग्राफिक्स ७० वर निवांत. इथे टर्बो बूस्टमुळे, म्हणजे वेग आपोआप वाढवणाऱ्या सोयीमुळे, प्रोसेसर क्षणाक्षणाला उसळी घेत असतो आणि बऱ्याच गेमना त्या उसळीची गरजही नसते. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात चेंज प्लॅन सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आणि मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट, असं जाऊन १०० चे ९९ टक्के करा. बहुतेक मशिनांवर टर्बो बंद होतो आणि तापमान धाडकन खाली येतं. गेमच्या फ्रेम पाचेक टक्क्यांनी उतरल्या आणि तुम्हाला जाणवल्याही नाहीत, तर पॅडचे पैसे वाचले. जाणवल्या तर परत १०० करा. नव्या काही लॅपटॉपांत ही ओळ लपवलेली असते. तिथे कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधला 'बॅलन्स्ड' मोड हेच काम करतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर १४० फ्रेम काढत बसणाऱ्यांनी एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये कमाल फ्रेमची मर्यादा घालावी. न दिसणाऱ्या फ्रेमही तेवढीच वीज खातात.

उघडे पॅड आणि कोंडणारे पॅड

दुकानात दिसणारे बहुतेक पॅड उघडे असतात. वर धातूची जाळी, खाली एक मोठा किंवा चार-सहा लहान पंखे, निळे-लाल दिवे, यूएसबीची वायर. हजार-दीड हजारापासून मिळतात. या पंख्यांनी वर ढकललेली हवा लॅपटॉपच्या तळावर आदळते. तळाची जाळी बारीक, तिच्यामागे पंखा, पुढे दाट पट्ट्या, म्हणजे आत शिरायला अडथळाच अडथळा. बाजूला मात्र मोकळी फट. हवा कशाला कष्ट घेईल, ती बगलेतून निसटते. खोक्यावर ७०-८० सीएफएम लिहिलेलं असतं, तो आकडा पंख्यासमोर काहीही नसताना मोजलेला असतो. अडथळ्यातून हवा रेटायला लागतो तो दाब, आणि तो खोक्यावर सहसा नसतोच. अशा पॅडने साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडतो आणि त्यातलाही मोठा वाटा मागची बाजू उचलली जाण्याचा असतो.

पंख्यांच्या संख्येला भुलू नका. यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात, ३.० मधून ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमधला १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा एकटाच दोन-तीन वॉट घेतो. तेवढ्यात सहा पंखे आणि वर दिवेही चालवायचे, म्हणजे सहा जणांत एक भाकरी. उघडाच पॅड घ्यायचा असेल, तर १२०-१४० मिलिमीटरचे दोन पंखे असलेला घ्यावा. तो जास्त हवा देतो आणि आवाजही कमी करतो. त्याआधी तुमचा वर्तमानपत्राचा कागद काढा. पॅडच्या फोटोवर पंख्यांच्या केंद्रांचं मागच्या कडेपासूनचं अंतर काढा आणि कागदावरच्या वर्तुळांशी जुळवा. पॅडच्या पुढच्या कडेला लॅपटॉप घसरू नये म्हणून दोन खुंट्या असतात. लॅपटॉप तिथे टेकतो, म्हणून पुढच्या कडेपासूनही मोजा.

दुसरा प्रकार गेल्या काही वर्षांत गाजतोय, फोमचा. वर चौकोनी फोमची जाड कड, मध्ये एकच जोरदार पंखा, सोबत १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर. आयईटीएस आणि लानो ही यातली ठळक नावं. लॅपटॉप फोमवर दाबून बसला की खाली बंद पेटी तयार होते. पंखा त्यात हवा कोंडतो, दाब वाढतो आणि बाहेर पडायला लॅपटॉपच्या जाळीशिवाय वाटच उरत नाही. त्यामुळे ती लॅपटॉपच्या स्वतःच्या पंख्यांमधून जोराने आरपार जाते. हवेला भुकेल्या लॅपटॉपवर १० अंश किंवा त्याहून जास्त फरक पाडणारा पॅड हाच. मात्र किंमत उघड्या पॅडच्या चार-पाच पट, आणि त्याचे त्रासही वेगळे.

पहिला त्रास आवाजाचा. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. पूर्ण वेगावर हे पॅड मिक्सरच्या शेजारी बसल्यासारखे घोंघावतात. हेडफोनवाल्याला चालतं, त्याच खोलीत झोपलेल्याला नाही. फायदा मात्र वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. पहिल्या निम्म्या वेगात बराचसा फरक पडून जातो आणि पुढच्या निम्म्यात दोन-तीन अंश हाती लागतात. म्हणून वेग हवा तसा फिरवता येणारं बटण असलेला पॅड घ्या आणि कमी वेगापासून वर जात, आकडे हलायचे थांबले की तिथे थांबा. चिप गार राहिली की लॅपटॉपचे स्वतःचे पंखे ऑटो मोडमध्ये मंद होतात. त्यामुळे मधल्या वेगावर एकूण कल्लोळ आधीपेक्षा कमीही होऊ शकतो.

दुसरा त्रास फोम नीट न बसण्याचा, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. हवा घेणारी दोन्ही वर्तुळं फोमच्या चौकटीच्या आत हवीत आणि गरम हवेचे झरोके पूर्णपणे बाहेर. काही लॅपटॉपांत मागच्या झरोक्यांचा खालचा ओठ तळावर उतरलेला असतो. तो चौकटीत आला तर पॅड गरम हवेलाच उलटा रेटा देतो. कित्येक मॉडेलांना मागे लांबलचक रबरी पट्टी असते, चार-पाच मिलिमीटर उंच. ती फोमवर चढली की दोन्ही टोकांना फट राहते, हवा तिथून शिट्टी मारत निघून जाते आणि बंद पेटीचा सगळा डावच फसतो. १५.६ इंची लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि २५-२६ खोल असतो. विकत घेण्यापूर्वी फोमच्या चौकटीची आतली आणि बाहेरची, दोन्ही मापं मागा. '१४ ते १८ इंच' हे पडद्याचं कर्णमाप आहे, त्यावरून तळ कळत नाही. काही पॅडसोबत वेगवेगळ्या मापांच्या दोन-तीन चौकटी येतात, असा पॅड मिळत असेल तर तोच घ्यावा.

फोम नीट बसला का, हे बघायची युक्ती: पॅड चालू करून टिश्यू पेपरची पट्टी लॅपटॉपच्या चारही कडांभोवती फिरवा. मागच्या झरोक्यांपाशी ती फडफडायलाच हवी. बाजूला किंवा पुढे फडफडली तर तिथे गळती आहे. कीबोर्डमधून गार वारा येत असेल तर काळजी नको. ज्या मॉडेलांत कीबोर्डखालीही हवेची वाट असते, तिथे तो येणारच.

तिसरा त्रास धुळीचा. जोराने हवा कोंडणारा पॅड धूळही तितक्याच जोराने कोंबतो. पॅडच्या तळाला काढून धुता येणारी बारीक जाळी नसेल, तर तो घेऊ नका. इथे माझं मत ठाम आहे. आपल्याकडे रस्त्याकडेच्या घरात पंख्याच्या पात्यावर पंधरा दिवसांत काळी कड येते. तीच धूळ लॅपटॉपच्या पट्ट्यांत बसली की सहा महिन्यांत पॅड असूनही तापमान होतं तिथे परत येतं. उलट जाळी असलेला पॅड लॅपटॉपला गाळलेली हवा देतो, आणि या एका कारणासाठीही तो घेण्यासारखा आहे.

अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आणि इंग्रजी 'आर'ने सुरू होणारा क्रमांक आहे का, तेही बघा. पिन जुळते म्हणून राउटरचा अडॅप्टर लावू नका. पंख्याला लागणारे अँपिअर तो देऊ शकला नाही, तर अडॅप्टरच तापतो.

झरोक्याला चिकटवून गरम हवा ओढणारे छोटे व्हॅक्यूम पंखे मिळतात. ते जुन्या, एकच झरोका असलेल्या लॅपटॉपसाठी होते. आजच्या गेमिंग लॅपटॉपला तीन-चार झरोके असतात, त्यातला एकच धरून काही हाती लागत नाही. पेल्टियर प्लेट (विजेवर एका बाजूने गार होणारी पट्टी) लावलेले, बर्फासारखे गार होणारे पॅड आणि जेलपॅक यांच्यापासून चार हात लांबच राहा. मुंबई-रत्नागिरीकडे पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांखाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी सुटतं. फ्रिजमधल्या बाटलीला सुटतं तसंच लॅपटॉपच्या तळाला. नुसत्या पंख्याच्या पॅडने असं होत नाही, कारण तो खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही.

पॅडच्या आधी धूळ

लॅपटॉप दीड-दोन वर्षांचा असेल आणि एकदाही उघडलेला नसेल, तर आधी सफाई. पंखा आणि पट्ट्या यांच्यामध्ये धूळ आणि कपड्यांचे तंतू मिळून जाडसर थर तयार होतो. तो आतल्या बाजूला असल्याने बाहेरून फुंकून निघत नाही, तळाचं झाकण उघडावंच लागतं. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातच करून घ्या. स्वतः करणार असाल तर स्क्रू काढल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. मग पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि ब्रश किंवा ब्लोअरने थर काढा. पाती मोकळी सोडून हवा मारली की पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साठते.

पेस्ट बदलायची वेळ आली, तर साध्या पेस्टऐवजी हनीवेलच्या पीटीएम ७९५० या शीटबद्दल विचारा. ती सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन चिपवर पसरते आणि पातळ पेस्टसारखी कडेला ढकलली जात नाही. आधी लिक्विड मेटल (पेस्टऐवजी वापरला जाणारा द्रवरूप धातू) लावलेलं असेल, तर त्या कामात हात घालू नका, माहितगाराकडे द्या.

एक गोष्ट आवर्जून तपासा. सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय, टचपॅड वर आलाय किंवा तळाचं झाकण फुगलंय असं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. पॅड, गेम, चार्जिंग सगळं थांबवा आणि बॅटरी बदला. उष्णतेत सतत १०० टक्के भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्जर लावूनच खेळत असाल, तर कंपनीच्या अ‍ॅपमधून चार्जिंगची मर्यादा ६० किंवा ८० टक्क्यांवर ठेवा.

आणल्यावर

परत करण्याची मुदत संपायच्या आत तोच गेम, तीच जागा, तोच अर्धा तास आणि खोलीचं जवळपास तेच तापमान घेऊन मोजा. आकडे तीन वेळा घ्या: टेबलावर, दोन बुचांवर आणि पॅडवर. बुचं आणि पॅड यांत फरक नसेल, तर पॅड परत करा आणि बुचं ठेवा. तुलना करताना एक लक्षात असू द्या. आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स चिपचं नाव एकच असलं, तरी लॅपटॉपमध्ये ती ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वर बसवलेली असू शकते. मित्राच्या ११५ वॉटच्या मशिनवर जो पॅड १२ अंश उतरवतो, तोच तुमच्या ६० वॉटच्या मशिनवर ४ अंश उतरवेल, आणि त्यात पॅडची चूक नाही.

फोमचा पॅड लॅपटॉपला चांगलाच उंच करतो. मनगटं मागे दुमडली जाऊन तासाभरात दुखू लागतात, तेव्हा वेगळा कीबोर्ड लागेल हेही खर्चात धरा. उघड्या पॅडवरच्या जास्तीच्या यूएसबी पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क लावू नका. पॅडच लॅपटॉपच्या एका पोर्टवर जगत असतो, डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही आणि फाइल कॉपी होताहोता तिचा संपर्क तुटतो. लॅपटॉप बंद केल्यावर पॅडही बंद करा. नाहीतर कोंडलेली हवा बंद लॅपटॉपचे पंखे उगाच फिरवत राहते.

धुळीची जाळी दर पंधरा दिवसांनी काढा, नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. पावसाळ्यात ती वाळायला रात्र जाते, त्यामुळे खेळून झाल्यावर धुवायला काढलेली बरी.